परसातला पानओवा

मागच्या वर्षी रोहिणी नक्षत्रात एक सूनबाई कागदाची पुडी घेऊन माझ्याकडे आल्या. कडेवर दीड वर्षाचे पोर, त्याचे नाक वाहत होते. पुडी माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "साहेब, हे बी कसं लावायचं तेवढं सांगा."

पुडीवर चित्र होते. घराभोवती निळ्याभोर फुलांचा गालिचा पसरलेला, आणि वर नाव 'क्रीपिंग थाइम'. मोबाइलवर जाहिरात पाहून, अंडी विकून साठवलेल्या पैशांतून त्यांनी ती मागवली होती. मोरीमागे चार हात जागा उघडी पडली आहे, पावसात तिथे चिखल आणि उन्हाळ्यात धूळ. तिथे काहीतरी बसके, वासाचे आणि उपयोगाचे लावावे हा त्यांचा विचार. शिवाय जाहिरातीत लिहिले होते की, या पाल्याने खोकला जातो. पोराला सारखी सर्दी, म्हणून मन अधिकच ओढले गेले.

मी पुडी फोडून बी तळहातावर घेतले. थाइमचे बी राजगिऱ्यापेक्षाही बारीक असते. हे होते मुळ्याच्या बियांएवढे. आणि थाइमची फुले पांढरी, गुलाबी किंवा जांभळी असतात. निळेभोर थाइम जगात कोठे नाही. म्हणजे चित्र खोटे आणि बीही खोटे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, त्या बाईंना मी जे सांगितले तेच आज तुम्हाला सांगणार आहे. कारण अशी पुडी आज ना उद्या तुमच्याही घरी येईल.

परका पाहुणा आणि घरचा माणूस

थाइम ही वनस्पती खोटी नाही. ती युरोपातल्या, विशेषतः भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ, चुनखडीच्या टेकड्यांवरची. तिला थंड, कोरडी हवा आणि पाणी झिरपून जाणारी हलकी जमीन लागते. आपल्याकडे जूनपासून चार महिने पाऊस, त्यातून काळी चिकण जमीन असली तर पाणी साचून राहते. अशा ठिकाणी थाइम मुळापासून कुजते. कुंडीत, छपराखाली हौसेने एखादे रोप जगवता येईल. पण मोरीमागे गालिचा होणार नाही.

मग बाईंना मी म्हटले, "चला, तुमच्याच गल्लीत दाखवतो." चार घरे पलीकडे एका आजींच्या अंगणात तेलाच्या फुटक्या डब्यात एक लवदार पानांचे झाड होते. एक पान खुडून चुरगाळले आणि बाईंच्या हातात दिले. त्या म्हणाल्या, "अहो, हा तर ओव्याचा वास!"

हाच पानओवा. संस्कृतात याला पर्णयवानी म्हणतात, हिंदीत पत्ता अजवाइन, कर्नाटकात दोड्डपत्रे, तामिळनाडूत कर्पूरवल्ली. गंमत म्हणजे इंग्रजीतल्या त्याच्या अनेक नावांपैकी एक 'स्पॅनिश थाइम' असे आहे. थाइमच्या पाल्याला जो झणझणीत वास येतो तो मुख्यतः थायमॉल नावाच्या द्रव्याचा. आपल्या ओव्याच्या दाण्यातही तेच थायमॉल आहे. पानओव्यात थायमॉल आणि त्याचाच सख्खा भाऊ शोभेल असे कार्व्हाक्रॉल, ही द्रव्ये सापडतात. तेव्हा जो वास विकत घ्यायला बाई निघाल्या होत्या, तो चार घरे पलीकडे फुकट मिळत होता.

एक गैरसमज मात्र येथेच काढून टाकू. मसाल्याच्या डब्यातला ओवा या झाडाला येत नाही. तो कोथिंबीर-बडीशेपेच्या घराण्यातला. पानओवा हा तुळस-पुदिन्याच्या घराण्यातला. वास एक, पण घराणी वेगळी.

पुडीतले बी मी त्यांना चुलीत टाकायला सांगितले. अनोळखी बी कधीही पेरू नका. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत आज आपल्या बांधाबांधावर काय करते आहे ते तुम्ही पाहताच.

आधी ओळख पटवा

पानओवा मागायला गेलात की पुष्कळदा पानफुटी हातात पडते. काही ठिकाणी दोघांनाही 'पाथरचूर' किंवा 'दगडफोडी' अशी सारखी नावे आहेत, म्हणून घोटाळा होतो. खुणा लक्षात ठेवा.

पानओव्याचे पान जाड, पण मखमलीसारखे लवदार. कडेला बोथट दाते. दोन पाने समोरासमोर. कोवळा दांडा चौकोनी आणि कडकन मोडणारा. चुरगाळले की ओव्याचा वास. पानफुटीचे पान गुळगुळीत, त्याला ओव्याचा वास नाही, आणि पान जमिनीवर पडले की त्याच्या कडेला छोटी छोटी रोपे फुटतात. फुले घंटेसारखी खाली लोंबणारी.

ही ओळख केवळ शिकण्यापुरती नाही. पानफुटी गाईगुरांनी जास्त खाल्ली तर त्यांच्या हृदयावर परिणाम होतो, जनावर दगावूही शकते. तिची फुले अधिक वाईट. म्हणून नाव विचारू नका, पान चुरगाळून वास घ्या. वास नाही तर तो पानओवा नाही.

लावणी कशी करावी

पानओव्याला बी क्वचितच धरते. तेव्हा बी विकत घेण्याचा प्रश्नच नाही. शेजारणीकडून चार फांद्या मागून आणाव्यात.

१. बोटाच्या जाडीची नको, पेन्सिलीएवढी निरोगी फांदी घ्या. चार ते सहा इंच लांब, तीन-चार पेरे असलेली. पेराच्या किंचित खाली धारदार चाकूने कापा.

२. खालच्या दोन पेरांवरची पाने काढून टाका. फांदी अर्धा दिवस सावलीत ठेवा. कापलेली जागा सुकली की कुजण्याचे भय कमी होते. पुष्कळजण ही पायरी गाळतात आणि मग फांदी लागली नाही म्हणतात.

३. एक भाग माती, एक भाग वाळू, एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण करा. कच्चे शेण नको.

४. दोन पेरे मातीत जातील अशी फांदी खोचा, भोवतालची माती बोटांनी दाबा, एकदाच पाणी द्या आणि सावलीत ठेवा. दोन-तीन आठवड्यांत मुळे धरतात. नवे पान फुटले की समजावे, लागली.

लावणीला सर्वांत चांगला काळ म्हणजे पावसाचा जोर ओसरल्यावरचे ऑगस्ट अखेर-सप्टेंबरचे दिवस, किंवा थंडी सरल्यावर फेब्रुवारी-मार्च. मुसळधार पावसात आणि कडाक्याच्या थंडीत लावू नये.

जमिनीत लावायचे असेल तर सपाटीला लावू नका. काळ्या जमिनीत एक वीत उंच गादीवाफा करा. तळाला विटांचे तुकडे किंवा मुरूम, त्यावर वरील मिश्रण. दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद वाफ्यात दीड फुटाच्या अंतराने दोन ओळींत चौदा फांद्या बसतात. दांडे वाढून आडवे कलतात, जमिनीला टेकलेल्या पेरांना पुन्हा मुळे फुटतात आणि वाफा झाकून जातो. थाइमसारखा बोटभर उंचीचा गालिचा होणार नाही. हा गुडघ्यापर्यंत उंच होईल. पण माती धरून ठेवील.

जागा सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी निवडा. शेवगा किंवा पपईच्या पूर्वेची बाजू उत्तम. अगदी अंधाऱ्या जागी दांडे लांबट होतात, पाने पातळ पडतात आणि वास उतरतो. वैशाखातल्या दुपारच्या उन्हात पाने आकसून पिवळी-तांबूस होतात.

लाडाने मरणारे झाड

येथे माझीच फजिती सांगतो. नोकरीच्या पहिल्या गावी खोलीच्या दारात मी पानओवा लावला. शेतकी पदवी नवी होती, उत्साह दांडगा. रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी, आठवड्याला चिमूटभर युरिया. पाने तळहाताएवढी झाली आणि एके दिवशी झाड माना टाकून बसले. मला वाटले, पाणी कमी पडले. आणखी घातले. तिसऱ्या दिवशी खोड बुंध्याशी काळे पडून लोळले. असे एक नव्हे, तीन वेळा झाले.

शेजारच्या आजी रोज पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सायेब, त्येला लई पाणी पाजताय तुमी. त्येच्या पानातच पाणी हाय की!"

सगळे शास्त्र त्या एका वाक्यात आले. ज्या झाडाचे पान जाड आणि रसाळ, त्याने पाणी पानात साठवलेले असते. त्याच्या मुळांना ओल हवी तशी हवाही हवी. माती सतत चिंब राहिली की मुळे गुदमरतात आणि कुजतात. आणि मुळे कुजली की झाड ओल्या मातीतही माना टाकते. तेव्हा मान टाकलेली दिसली की तांब्या उचलू नका. आधी बोट मातीत घाला. दोन पेरापर्यंत कोरडे लागले तर पाणी द्या. ओले लागले तर हात आवरा. आपण रानात वापसा पाहतो, तोच न्याय डब्याला लावायचा.

अंदाजाने सांगायचे तर उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी, हिवाळ्यात आठवड्याने, आणि पावसाळ्यात उघड्यावर असेल तर मुळीच नाही. डब्याला तळाशी चार भोके पाडलेली असावीत. बुंधा काळा पडलाच तर वरचा निरोगी शेंडा कापून, सुकवून नव्या मातीत लावा. जुनी माती टाकून द्या.

मोरीचे साबणाचे पाणी या वाफ्यात सोडू नये. पाने आपण खाणार आहोत. तांदूळ, भाजी धुतलेले पाणी बुंध्याशी घातले तर चालेल, तेही वर सांगितलेल्या बेतानेच.

खत, कीड आणि छाटणी

दोन-तीन महिन्यांतून एकदा झाडामागे मूठभर गांडूळखत किंवा कुजलेले शेणखत पुरे. युरियाने पाने फुगतात, पण दांडा लुसलुशीत होऊन कीड आणि कूज लवकर येते.

दर तीन-चार आठवड्यांनी शेंडे खुडत जा. खुडलेला शेंडा स्वयंपाकाला आणि खाली दोन नवे फुटवे, असा दुहेरी लाभ. दोन वर्षांनी बुंधा निबर, लाकडासारखा होतो. तेव्हा त्याच्याच फांद्या लावून नवी पिढी करा आणि जुने झाड काढून टाका.

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे दिसले तर तो पिठ्या ढेकूण. साबणाच्या पाण्यात फडके बुडवून पुसून काढा, मग साध्या पाण्याने धुवा. जास्त असेल तर ५ टक्के निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून, सकाळी फडक्यातून गाळून, एक लिटर पाणी करा आणि उन्हे उतरल्यावर फवारा. पावसाळ्यात गोगलगायी पाने कुरतडतात. संध्याकाळी वाफ्याशी ओले गोणपाट टाकून ठेवा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी चिमट्याने वेचून मिठाच्या पाण्यात टाका. हाताने धरू नका.

कापसाचे, भाजीचे, बागेचे कीटकनाशक या झाडावर कधीही मारू नका. आणि फवारणीचा पंप परसात धुऊ नका. पोरे येता-जाता हे पान तोंडात टाकतात, हे विसरता कामा नये.

निफाडसारख्या भागात पौष-माघात पारा फार खाली उतरतो. अशा रात्री झाडावर गोणपाट किंवा पिंजार झाका आणि सकाळी काढा. पानओव्याला गारठा मानवत नाही.

स्वयंपाकघरात

भजी सर्वांना ठाऊक आहेतच. डाळीच्या पिठात थोडे तांदळाचे पीठ, तिखट, मीठ, हळद; पान अख्खे बुडवून तळावे. पिठात ओवा घालायची गरज नाही.

चटणीसाठी दहा-बारा पाने थेंबभर तेलावर परतून घ्यावीत. परतल्याने उग्रपणा जातो. मग ओले खोबरे, हिरवी मिरची, चिंचेचे बोटूक आणि मीठ घालून वाटावे. भाकरीबरोबर फार रुचकर लागते.

कर्नाटकात याची तंबुळी करतात. पाने, जिरे, मिरे तुपावर परतून खोबऱ्याबरोबर वाटायचे, ताकात कालवायचे आणि वरून फोडणी द्यायची. उन्हाळ्यात भातावर ही तंबुळी असली की दुसरे कालवण लागत नाही.

मोठ्या माणसाला साधी सर्दी झाली, घसा खवखवला, तर चार पाने, आले आणि गूळ घालून केलेला कपभर काढा प्यायला हरकत नाही. बरे वाटते. गरोदर बाईने मात्र औषध म्हणून रोज काढा घेऊ नये. आधी डॉक्टरांना विचारावे.

पान कोठवर आणि दवाखाना कोठून

आता जे सांगतो त्यासाठीच खरे तर हा लेख लिहायला बसलो.

१९९८ सालची गोष्ट. माझी मुलगी तेव्हा चौदा महिन्यांची होती. थंडीचे दिवस, तिला खोकला झाला. घरात पानओवा होताच. पान गरम तव्यावर शेकून, पिळून रस काढला आणि मधाबरोबर चाटवला. पहिल्या दिवशी बरे वाटले. दुसऱ्या दिवशी ताप आला. आम्ही म्हटले, रस चालू आहे, उतरेल. तिसऱ्या दिवशी ती खाईना, खेळेना, नुसती पडून राहिली. आम्ही म्हटले, झोपू द्या, आराम पडतो आहे.

त्या दुपारी उपकेंद्राच्या नर्सबाई लसीच्या कामासाठी गल्लीत आल्या होत्या. त्यांनी पोरीचे झबले वर केले आणि घड्याळ धरून बसल्या. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची जागा आत ओढली जात होती. मला म्हणाल्या, "साहेब, हिला न्यूमोनिया आहे. आत्ता निघा." जीप मिळवून तालुक्याला पोहोचेपर्यंत तिचे ओठ निळसर झाले होते. आठ दिवस दवाखान्यात काढले. पोर वाचली. आज ती स्वतः आई आहे. पण ते झबले वर केल्यावर दिसलेले आत ओढलेले पोट मी अजून विसरलेलो नाही. तीन दिवस ते माझ्या डोळ्यांसमोर होते, आणि मी पाहिले नव्हते.

पानाने तिला विष केले नाही. पानावरच्या भरवशाने आमचे तीन दिवस घालवले. न्यूमोनिया पानाने बरा होत नाही, त्याला डॉक्टरांचेच औषध लागते.

म्हणून ही चार वाक्ये कापून भिंतीला लावा.

मूल शांत असताना झबले वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचे ४० किंवा जास्त श्वास भरले, तर तो साधा खोकला नव्हे. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत जात असेल, मूल अंगावर पीत नसेल किंवा पाणीही घेत नसेल, सारखे झोपत असेल, झटके येत असतील, ओठ निळे पडत असतील, तर क्षणाचाही उशीर न करता १०८ क्रमांकाला फोन करून गाडी बोलवा.

सहा महिन्यांच्या आतील बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नका; पानाचा रस नको, घुटी नको, आणि एक वर्षाच्या आत मध तर मुळीच नको.

न्यूमोनियापासून बचाव करणारी पीसीव्ही लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नऊ महिन्यांना ती दिली जाते, तेव्हा आशाताईंना विचारून आपल्या बाळाचे कार्ड तपासा.

विकण्याचा मोह

पानओव्याला बाजार आहे का, असे पुष्कळजण विचारतात. शहरातल्या रोपवाटिका रोपे विकतात, काही बाया आठवडी बाजारात जुड्या नेतात. त्यातून भाजी-मिठाचा खर्च निघेल. पण 'औषधी वनस्पती लावा, रोपे आमची, माल आम्हीच उचलू' असे सांगून कोणी आगाऊ पैसे मागितले, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. अशा करारांत रोपांचे पैसे गेले आणि माल बांधावर सुकला, अशी कुटुंबे मी माझ्या नोकरीत पाहिली आहेत. चार पानांच्या चटणीसाठी लावा, एकरावर लावू नका.

त्या सूनबाईंनी सप्टेंबरात आजींच्या डब्यातल्या चौदा फांद्या लावल्या. मोरीपासून दोन हात दूर, गादीवाफ्यावर. तीन कुजल्या, अकरा लागल्या. संक्रांतीला मी त्या बाजूने गेलो तेव्हा वाफा झाकून गेला होता. बाईंनी भज्यांची बशी पुढे केली. पोराचे नाक वाहतच होते. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "मोजले साहेब, सकाळीच मोजले. अठ्ठावीस."

तुमच्या गल्लीतही कोणाच्या तरी फुटक्या डब्यात हे झाड असेल. एक फांदी मागून आणा. आणि तुमचे लागले की एक फांदी पुढच्या घरी द्या. देताना पाणी कमी घालायला सांगा, आणि श्वास कसे मोजायचे तेही सांगा.